मॉडेल २८ टेलिप्रिंटर हवेवर आणायचा आहे: लूप, डिमॉड्युलेटर आणि रिगची जोडणी

लहरी_तारवाला

मंडळी, नमस्कार.

संगणकावर रिटी (आरटीटीवाय, म्हणजे हौशी रेडिओवरून टेलिप्रिंटरचे संदेश) बरीच वर्षं करतोय. त्यासाठीचे प्रोग्राम, एमएमटीटीवाय झालं, एफएलडिजी झालं. पडद्यावर अक्षरं उमटतात, लॉग आपोआप भरतो, तक्रारीला जागा नाही. तरी खडखडत कागदावर छापलेलं पाहायची हौस काही जात नव्हती. आता टेलिटाइप कंपनीचं मॉडेल २८ हाती आलंय, कीबोर्डसकट. हाताने फिरवलं तर सगळे भाग हलतात, फक्त जुनं तेल चिकट झालंय.

बेत असा: रिसीव्हरचा आवाज घरी बनवलेल्या डिमॉड्युलेटरमध्ये (सुरांचे विजेचे संकेत करणारी पेटी), तिथून सिलेक्टर मॅग्नेटला (यंत्रातलं अक्षर निवडणारं विद्युतचुंबक). उलट दिशेने कीबोर्डवरून रिगच्या (रेडिओ संचाच्या) एफएसके जॅकला, म्हणजे पाठवायची कंप्रता दोन किमतींत हलवणाऱ्या जॅकला. अगदीच गरज पडली तर मधे एखादा मायक्रोकंट्रोलर.

अडलंय ते लूपपाशी, म्हणजे मॅग्नेटला प्रवाह देणाऱ्या सर्किटपाशी. जुन्या आकृत्यांमध्ये सगळीकडे १३० ते १५० व्होल्ट डीसी, ६० मिलिअँपियर आणि एक भलामोठा वायरवाउंड रेझिस्टर दिसतो. मॅग्नेटच्या कॉइलचा रोध तर जेमतेम शे-दोनशे ओहम. १२ व्होल्टमध्येच ६० मिलिअँपियर निघतात की! मग दीडशे व्होल्ट घेऊन त्यातले बहुतेक रेझिस्टर तापवण्यात कशाला घालवायचे? १२ व्होल्टचा सप्लाय, एक ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटा डायोड. यात काय बिघडेल?

शिवाय मोटर सिंक्रोनस आहे, ६० हर्ट्झची. माझ्याकडची वीज ५० हर्ट्झ. त्यावरही कोणी बोललं तर बरं होईल.

निवांत

रुमाल टाकून ठेवतो. वाचायला येणार.

ओहमकार

तारवाले, सोल्डरिंग करायच्या आधी विचारलंत ते उत्तम केलंत. १२ व्होल्टवर मॅग्नेट ओढेल, हातात धरून तपासलं तर सगळं ठीक दिसेल, आणि हवेवरचा मजकूर मात्र अर्धा कचरा छापला जाईल.

कारण कॉइलचा इंडक्टन्स. सिलेक्टर मॅग्नेट म्हणजे लोखंडी गाभ्यावर हजारो वेढे. समजा इंडक्टन्स ४ हेन्री आणि रोध २०० ओहम. टाइम कॉन्स्टंट म्हणजे एल भागिले आर, तो आला २० मिलिसेकंद. आता ४५.४५ बॉडला (सेकंदाला ४५.४५ बीट) एक बीट केवढी? २२ मिलिसेकंद. म्हणजे बीट संपत आली तरी प्रवाह आपल्या पूर्ण किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत कसाबसा पोचलेला असतो. आर्मेचर (मॅग्नेट ओढतं तो लोखंडी तुकडा) उशिरा ओढलं जातं, आणि किती उशिरा हे आधीच्या बीट्स काय होत्या त्यावर ठरतं. यंत्राचा सिलेक्टर मात्र ठरल्या वेळी बघून मोकळा होतो.

आता १५० व्होल्ट घ्या आणि लूपचा एकूण रोध २५०० ओहम करा. प्रवाह तोच, ६० मिलिअँपियर. टाइम कॉन्स्टंट उतरला १.६ मिलिसेकंदावर. तो 'भलामोठा रेझिस्टर' ८ वॅटच्या वर उष्णता फेकतो हे खरं, पण त्याच्याच जिवावर कॉइल वेळेत भरते. २५ वॅटचा घ्या आणि हवा लागेल अशा ठिकाणी बसवा.

डायोडचंही तसंच. कॉइलवर नुसता १एन४००७ उलटा लावला की ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर प्रवाह डायोडमधून कॉइलच्या स्वतःच्या २०० ओहमात फिरत राहतो. पुन्हा २० मिलिसेकंद. ओढायला चपळ, सोडायला आळशी. मार्क (प्रवाह चालू असलेल्या बीट्स) लांबतात, स्पेस (प्रवाह बंद असलेल्या) आखडतात. यालाच बायस डिस्टॉर्शन म्हणतात.

डायोड काढून टाका असं मात्र मी म्हणणार नाही, ट्रान्झिस्टर जाईल. डायोडच्या सिरीजमध्ये २.२ किलोओहम घाला. सोडतानाचा टाइम कॉन्स्टंट मग ओढतानाच्या जवळपास येतो, आणि दोन्हीकडचा उशीर सारखा झाला की बायस उरत नाही. फक्त हिशोब करून ठेवा: ६० मिलिअँपियर गुणिले २२०० म्हणजे १३२ व्होल्ट, अधिक सप्लायचे १५०. ट्रान्झिस्टरवर क्षणभर २८० च्या पुढे व्होल्ट येतात. जुन्या आकृत्यांतला एमजेई३४० हा ३०० व्होल्टचा, म्हणजे अगदी काठावर. मी तिथे आयआरएफ८४० लावेन, तो ५०० व्होल्ट सोसतो. त्याच्या गेटला दहाएक व्होल्ट द्यावे लागतात, ५ व्होल्टच्या पिनवरून सरळ चालवू नका.

जुना_खिळा

ओहमकारांना अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

मॉडेल २८ च्या मॅग्नेटला दोन कॉइली असतात. समांतर जोडल्या तर ६० मिलिअँपियरची लूप, सिरीजमध्ये जोडल्या तर २० ची. तुमच्या यंत्रात आत्ता कशा आहेत ते तारा पाहून नक्की करा आणि मगच रेझिस्टर निवडा. नाहीतर सगळं गणित बरोबर येऊनही आर्मेचर हलणार नाही, किंवा विनाकारण तापेल.

दुसरं, लूपच्या सप्लायला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. वीज थेट रेक्टिफाय करून लूप चालवलेली यंत्रं मी पाहिली आहेत. टेलिप्रिंटरची सगळी चौकट धातूची, आणि माणूस त्यावर कोपर टेकवून बसतो. दीडशे व्होल्ट डीसी जिवावर बेतायला पुरेसे आहेत. चौकट अर्थ करा, लूप आयसोलेट करा, फिल्टर कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर लावा.

तेलाबद्दल: गंज सोडवायचे फवारे मारू नका. जुनं चिकट तेल काढण्यापुरते ते ठीक, वंगण म्हणून नाहीत. फेल्टच्या वाती ज्या ज्या ठिकाणी आहेत त्या तेलाने पूर्ण भिजेपर्यंत पाजा. कोरड्या क्लचवर मोटर चालू केलीत तर जो किंचाळ ऐकू येईल तो विसरणार नाही.

लहरी_तारवाला

डोळे उघडले. १२ व्होल्टचा बेत रद्द. कॉइली समांतर आहेत, आत्ताच पाहिलं. ५० हर्ट्झचं काय?

शून्यएक

सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर पाच षष्ठांश वेगाने फिरेल. तुमचं यंत्र ४५.४५ बॉडच्या गिअरवर असेल तर ते ३७.९ बॉडचं होईल. बीट २२ ऐवजी २६.४ मिलिसेकंद. हवेवरचा सिग्नल सरळ लूपला दिला तर काहीच जुळणार नाही.

रस्ते तीन. गिअर बदला, जर मिळाले तर. किंवा ६० हर्ट्झ साइन वेव्ह देणारा इन्व्हर्टर लावा. किंवा गव्हर्नरची मोटर बसवा, तिचा वेग वीज किती हर्ट्झची आहे त्यावर ठरत नाही. तिच्यावर पट्ट्यांची चकती असते, ट्यूनिंग फोर्कच्या फटीतून पाहायचं आणि पट्ट्या स्थिर दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचा.

मला मात्र चौथा रस्ता आवडतो. मधे मायक्रोकंट्रोलर घाला. तो हवेवरून ४५.४५ ने घेईल, बफरमध्ये ठेवेल आणि यंत्राला ३७.९ ने देईल. हवेवर मिनिटाला ३६८ अक्षरं येऊ शकतात, यंत्र ३०७ च्या आसपास छापेल. सलग मजकूर असेल तर बफर फुगेल, पण गप्पांमध्ये माणूस थांबतो, विचार करतो, तेवढ्यात यंत्र गाठून घेतं. हजारभर अक्षरांचा बफर भरपूर झाला.

जुना_खिळा

चौथा रस्ता चालेल, पण मोटर सांभाळा. ६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवताना त्याच व्होल्टेजला जास्त प्रवाह खेचते आणि तापते. व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवा: ११५ ऐवजी ९६ च्या आसपास.

आणि बफर घातलात की कीबोर्डही ३७.९ ने पाठवणार, हे विसरू नका. त्यालाही परत ४५.४५ करून रिगला द्यावं लागेल. माझ्या मते इन्व्हर्टर बरा. यंत्र यंत्रासारखं राहतं.

शून्यएक

तो चवीचा प्रश्न आहे :)

मायक्रोकंट्रोलर घेतलाच तर आधीच सावध करतो. १६ मेगाहर्ट्झवरच्या एटीमेगा३२८ ला ५ बीटचा यूएआर्ट (चिपमधला सिरीयल संकेत पाठवणारा भाग) जमतो, पण त्याचा बॉड रेटचा भाजक १२ बीटचा आहे. सर्वात कमी वेग येतो २४४ बॉड. ४५.४५ पर्यंत तो उतरूच शकत नाही. यूएसबी ते सिरीयल चिप्सचं रडगाणं वेगळं: एफटी२३२आर ला फक्त ७ आणि ८ बीट माहीत आहेत, ५ नाहीत. संगणकावरून असल्या चिपने बॉडो (टेलिप्रिंटरचा पाच बीटचा संकेत) पाठवताना प्रोग्राम एखादी कंट्रोल लाइन स्वतःच वरखाली करत बसतात, त्याचं कारण हेच.

म्हणून टायमर वापरून बीट हाताने काढा. घेताना: स्टार्ट बीटची कड दिसली की ११ मिलिसेकंद थांबा, अजून स्पेसच आहे का पाहा. नसेल तर तो नॉइजचा टोचा होता, सोडून द्या. असेल तर दर २२ मिलिसेकंदांनी पाच वेळा वाचा. पाठवताना स्टॉप बीट ३१ मिलिसेकंदांची ठेवा, कमी नको. एका अक्षराचे एकूण १६३ मिलिसेकंद होतात. तुम्ही यंत्राला ३७.९ ने देणार असाल तर हे सगळे आकडे सहा पंचमांश करा.

सिग्नलशोधक

स्टॉप बीटबद्दल: संगणकावरचे काही जण वेग वाढावा म्हणून १ स्टॉप बीट ठेवतात. पडद्यावर काही फरक पडत नाही. खऱ्या यंत्राचा क्लच मात्र प्रत्येक अक्षरानंतर थांबून पुन्हा सुटतो, त्याला तेवढा श्वास लागतो. ४५.४५ चं यंत्र हवेवर सरळ जोडलेलं असेल आणि समोरचा १ स्टॉप बीटने सलग पाठवत असेल, तर अक्षरं गळतात आणि माणूस डिमॉड्युलेटरला दोष देत बसतो.

तसंच ओळीचं. संगणकाला ओळ कितीही लांब चालते. यंत्राची गाडी ७२ अक्षरांना उजव्या टोकाला जाऊन थांबते, पुढची सगळी अक्षरं एकाच जागी एकमेकांवर आपटतात आणि कागदाला भोक पडतं. शून्यएक यांच्या बफरात ओळ मोडायची सोय करा. ओळ मोडताना आधी कॅरेज रिटर्न, मग लाइन फीड, मग लेटर्स (आकड्यांवरून अक्षरांवर परतायचा संकेत), याच क्रमाने. कागद सरकतो तेवढ्या वेळात गाडी डावीकडे परत पोचते. क्रम उलटा केलात तर नव्या ओळीचं पहिलं अक्षर कुठेतरी मधेच छापलेलं दिसेल.

निवांत

बाळबोध प्रश्न. संगणकावर ऐकताना मला कधी कधी ५९९ च्या (सिग्नल उत्तम येतोय असं सांगणारा आकडा) जागी 'टी ओ ओ' दिसतं. ते का?

सिग्नलशोधक

बाळबोध नाही. पाच बीटमध्ये ३२ च संकेत मावतात, म्हणून अक्षरं आणि आकडे तेच संकेत वापरतात. आधी 'फिगर्स' येऊन गेलं असेल तर आकडा, 'लेटर्स' आलं असेल तर अक्षर. टी आणि ५ एकच, ओ आणि ९ एकच. हवेत नेमका 'फिगर्स'चा संकेत गेला की ५९९ चं 'टी ओ ओ' होतं. कीबोर्डच्या वरच्या ओळीतली अक्षरं क्रमाने १ ते ० मानली की मनातल्या मनात उलगडता येतं. स्पर्धेत खेळणाऱ्यांना हे पाठच असतं.

याचीच दुसरी बाजू: स्पेस (इथे शब्दांमधली मोकळी जागा) आली की आपोआप लेटर्सवर परतायचं, अशी सोय असते. मॉडेल २८ मध्येही ती यांत्रिक पद्धतीने करता येते. गप्पांना चालू ठेवा, आकड्यांचे गट येणार असतील तर समोरचा प्रत्येक स्पेसनंतर फिगर्स पुन्हा पाठवतोय का ते बघून ठरवा.

अवांतर: घंटा अमेरिकन यंत्रात फिगर्स-एसवर असते, आयटीए२ मध्ये (आंतरराष्ट्रीय संकेतसंचात) फिगर्स-जेवर. समोरच्याचा संच वेगळा असेल तर त्याच्या अपॉस्ट्रॉफीला तुमची घंटा वाजेल. घाबरू नका.

लहरी_तारवाला

वाखु (वाचनखूण) साठवली. खिळेबुवांचं ऐकून इन्व्हर्टर घेतोय, मायक्रोकंट्रोलर सध्या बाजूला. म्हणजे यंत्र ४५.४५ वरच. आता डिमॉड्युलेटर. एक्सआर२२११ वापरून एका चिपमध्ये काम होतं असं दिसतंय. बाहेरून मोजके भाग, पीएलएल (येणाऱ्या सुराचा पाठलाग करणारं सर्किट), आउटपुट तयार. त्याहून सोपं काय?

ओहमकार

सोपं तेच आहे. व्हीएचएफवर, किंवा जवळचा खणखणीत सिग्नल असेल तर ते उत्तम चालतं. यंत्र जिवंत करायला आधी तेच बनवा, अक्षरं छापताना पाहा, हुरूप येईल.

पण एचएफवर (लघुलहरींवर) आयनोस्फीअर तुमच्या मार्कच्या आणि स्पेसच्या सुरांना एकत्र बुडवत नाही. १७० हर्ट्झच्या अंतरावरसुद्धा मार्क खणखणीत आणि स्पेस गायब, पुढच्या सेकंदाला उलटं, असं होतं. एक सूर नाहीसा झाला की पीएलएल सैरभैर होतं आणि नॉइजमागे धावतं. दोन वेगळे फिल्टर असलेला डिमॉड्युलेटर एका सुरावरही वाचू शकतो: मार्क आहे म्हणजे मार्क, मार्क नाही म्हणजे स्पेस.

मात्र त्यासाठी उंबरठा हलता हवा. मार्कच्या शिखराची उंची एका कपॅसिटरवर धरायची, स्पेसच्या शिखराची दुसऱ्यावर, आणि दोघांच्या मध्यावर निर्णय घ्यायचा. स्पेस बुडाली की मधला बिंदू आपोआप सरकतो. याला एटीसी म्हणतात. अर्विन हॉफ (डब्ल्यू६एफएफसी) यांच्या मेनलाइन मालिकेत हे सगळं पाहायला मिळतं. टीटी/एल व्हॅक्यूम ट्यूबचा होता, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा एसटी-६ ऑपअँपचा. आजही एसटी-६ ची आकृती टप्प्याटप्प्याने वाचण्यासारखी आहे. प्रत्येक टप्पा तिथे कशासाठी आहे ते कळतं: लिमिटर, दोन फिल्टर, डिटेक्टर, लो पास, एटीसी, स्लाइसर, आणि शेवटी लूपचा ट्रान्झिस्टर.

त्या काळी फिल्टरला टेलिफोन लाइनच्या ८८ मिलिहेन्रीच्या टोरॉइड कॉइली वापरत. २१२५ हर्ट्झला त्यांच्याबरोबर ०.०६३७ मायक्रोफॅरड लागतो, २२९५ ला ०.०५४७. तंतोतंत कपॅसिटर मिळत नाही, म्हणून थोडा मोठा लावून कॉइलचे वेढे एकेक सोडत सूर जुळवायचा. कॉइली नसतील तर टीएल०७४ वर अ‍ॅक्टिव्ह फिल्टर करा, क्यू २० च्या आसपास, म्हणजे रुंदी शंभरेक हर्ट्झ. रेझिस्टर १ टक्क्याचे, कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन. सिरॅमिक कपॅसिटर इथे नकोत, उष्णतेने फिल्टर सरकून बसतो.

फिल्टर आणखी अरुंद केले तर नॉइज कमी होईल असं वाटतं आणि मोह होतो. आवरा. फार अरुंद फिल्टर टोला दिलेल्या घंटेसारखा बीट संपल्यावरही घुमत राहतो, आणि एक बीट दुसरीत मिसळते. डिटेक्टरनंतरच्या लो पासचंही तसंच. आर आणि वाय आलटून पालटून पाठवले की मार्क-स्पेस एकाआड एक येतात, मूळ कंप्रता २२.७ हर्ट्झ. लो पासची कट ऑफ ३५ च्या आसपास ठेवा. वीसवर आणलीत तर आर-वायच गुळगुळीत होऊन जाईल.

सिग्नलशोधक

ट्यूनिंगसाठी सुया-बिया नकोत. जुना ऑसिलोस्कोप असेल तर मार्क फिल्टरचं आउटपुट आडव्याला, स्पेसचं उभ्याला द्या. बरोबर ट्यून झालं की दोन लंबवर्तुळं एकमेकांना छेदून अधिकचं चिन्ह दिसतं. एक बाजू आखडली की सिलेक्टिव्ह फेडिंग डोळ्यांनी दिसतं, आणि ओहमकारांचा वरचा परिच्छेद पटतो.

लूपला मार्क होल्डही द्या. सिग्नल नसताना डिमॉड्युलेटरने लूप मार्कवर धरून ठेवायची, म्हणजे प्रवाह चालू. नाहीतर रात्रभर नॉइज छापून कागदाची गुंडाळी संपेल. आणि लूप तुटली तर यंत्र काही न छापता नुसतं खडखडत राहतं. ते ऐकू आलं की आधी लूपचा प्रवाह मोजा, बाकीचं नंतर.

जुना_खिळा

छपाई सुरू झाली की रेंज फाइंडर लावा. सिलेक्टरवर आकड्यांची पट्टी आणि गोल बटण आहे. आर-वाय चालू ठेवून बटण एका बाजूला चुका व्हायला लागेपर्यंत फिरवा, आकडा लिहा. मग दुसऱ्या बाजूला तसंच. दोघांच्या मध्यावर ठेवा. दोन टोकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं यंत्र आणि लूप निरोगी. नुसता डायोड लावून आणि मग २.२ किलोओहम घालून, दोन्ही वेळा हे मोजून बघा. वाद मिटेल.

लहरी_तारवाला

शेवटचं: कीबोर्डवरून रिगला कसं द्यायचं? कीबोर्डचे कॉन्टॅक्ट लूपमध्येच सिरीजला आहेत.

ओहमकार

तसेच राहू द्या, म्हणजे तुम्ही टाइप केलेलं तुमच्याच कागदावरही उमटेल. लूपमध्ये ऑप्टोकपलरचा (दोन सर्किटं फक्त प्रकाशाने जोडणारा भाग) एलईडी सिरीजला घाला. पीसी८१७ च्या एलईडीला ५० मिलिअँपियरपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून त्याला समांतर २४ ओहम लावा. एलईडीवर १.२ व्होल्ट पडतात, म्हणजे ५० मिलिअँपियर रेझिस्टरमधून जातील आणि १० एलईडीमधून. एक उलटा डायोडही समांतर लावा. पलीकडचा ट्रान्झिस्टर रिगच्या एफएसके जॅकला. दीडशे व्होल्ट आणि रिग यांच्यामध्ये हा ऑप्टो एवढीच भिंत आहे, तेव्हा दोन्हीकडच्या तारा एकमेकींपासून लांब ठेवा.

मार्क-स्पेस उलटे गेले तर घाबरू नका. बहुतेक रिगमध्ये मेनूत पोलॅरिटी बदलता येते. हवेवर मार्क वरच्या कंप्रतेला असतो, हे दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकून तपासा.

सिग्नलशोधक

एफएसके जॅक नसेल तर एएफएसके, म्हणजे दोन सूर रिगच्या माइकच्या वाटेने द्यायचे. एलएसबीवर (लोअर साइडबँडवर) मार्क २१२५, स्पेस २२९५. दोन वेगळे ऑसिलेटर करून त्यांच्यात स्विच मारू नका, बदलताना फेज तुटते आणि शेजारच्या सगळ्यांना टकटक ऐकू जाते. एकच ऑसिलेटर घ्या आणि त्याची कंप्रता हलवा. एक्सआर२२०६ याच कामाचा आहे.

सूर उंच ठेवण्यालाही कारण आहे. आवाज जास्त झाला आणि हार्मोनिक तयार झालं तर २१२५ चं दुसरं हार्मोनिक ४२५० ला पडतं, एसएसबी फिल्टर ते अडवतो. १२७५ चा सूर वापरलात तर त्याचं २५५० ला पडतं आणि थेट हवेवर जातं. एएलसीची (आवाज जास्त झाला की रिग आपोआप आवरते ते दाखवणारी) सुई हलणार नाही इतकाच आवाज द्या. आणि पॉवर: आरटीटीवायमध्ये कॅरिअर पूर्ण वेळ चालू असतो, बोलण्यासारखे खंड पडत नाहीत. १०० वॅटची रिग ५० च्या वर नेऊ नका.

लहरी_तारवाला

आयआरएफ८४०, २४ ओहम, २.२ किलोओहम, २५ वॅटचा रेझिस्टर. यादी झाली. आधी एक्सआर२२११ ने लूप हलवतो, मग ओहमकारांच्या पद्धतीने फिल्टर. जुना खिळा, रेंज फाइंडरचे दोन्ही आकडे इथेच टाकेन.

जुना_खिळा

टाका. आणि कीबोर्डच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी दिसली तर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम सिरीजमध्ये करून त्यांच्यावर लावा. नाहीतर स्वतःच्याच रिसीव्हरमध्ये तुमचं टायपिंग ऐकू येईल.